पंधरवड्याचा तक्ता

फिलाडेल्फियातल्या त्या कॉफीच्या दुकानात जोनेटाच्या हातातला दुधाचा क्रेट लमॉन्टच्या गुडघ्यावर आदळला, हीच त्यांची पहिली ओळख. ती आपल्याच तंद्रीत गुणगुणत होती... रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा बोलता बोलता गाऊ लागतात, ती चाल. गुडघा चोळत कामावर आलेला हा नवा पोरगा म्हणाला, "म्हणा बाई, म्हणा!" मागच्या बाकावरून भाविक साद घालतात, अगदी तस्संच! जोनेटा लाजली, हसली, आणि क्रेट तिथेच विसरली.

तेव्हा कामाच्या वेळा आदल्या दिवशी फोनवर कळायच्या. कधी दोघांची गाठ पडे, कधी नाही. मग शहरात कायदा झाला : कामाच्या वेळांचा तक्ता चौदा दिवस आधी भिंतीवर लागलाच पाहिजे. जोनेटाने देवाचे आभार मानले.

पण पहिला तक्ता लागला आणि तिने तो दोनदा वाचला. ती सकाळी, तो संध्याकाळी. रविवारी तिला सुट्टी, त्याला काम. चौदा दिवसांत एक तासही एकत्र नाही!

"लमॉन्टनेच मागून घेतलंय," सँडविच भाजता भाजता दुकानातल्या सगळ्यांत जुन्या मिस व्हर्लीन म्हणाल्या. "पोरी, पुरुष असा लांब पळतो तेव्हा—"

"तेव्हा काय?"

"ते कळत असतं तर मी तीन नवरे केले असते का?"

संध्याकाळी लमॉन्ट आला. छत्रीतून पाणी ठिबकत होतं. जोनेटा अजून निघाली नव्हती.

"माझा कंटाळा आला?"

"तुझा?" तो गोंधळला. "तूच म्हणालीस ना, रविवार मोकळा नसेल तर चर्चमधलं तुझं गाणं दुसरीला देतील. मग तुझे रविवार मी घेतले. मॅनेजर म्हणाले, रविवारी येणाऱ्याला संध्याकाळच मिळेल."

"आणि मी गायचं कुणासमोर?"

"देवासमोर."

"तो रोजच ऐकतो रे माझं!"

लमॉन्टने ठिबकती छत्री कोपऱ्यात टेकवली. जोनेटाला कळेना, याच्यावर रागवावं की... याचा हात धरावा? ज्या कायद्यासाठी देवाचे आभार मानले, त्यानेच ताटातूट केली. आता लागलेला तक्ता बदलायचा म्हणजे कायद्याने मॅनेजरांना जास्तीचे पैसे मोजावे लागणार. ते कसले बदलतात!

"पुढच्या पंधरवड्याचे सुट्टीचे अर्ज आज द्यायचेत," तो हळूच म्हणाला. "त्यातला एक रविवार... दोघांनी सुट्टी मागायची?"

"आणि इथे कोण उभं राहणार?"

"मी आहे की!" आतून मिस व्हर्लीन ओरडल्या. "लिहा लवकर, माझा पाव करपतोय!"

लमॉन्टने अर्ज लिहिला. कारणाचा रकाना तेवढा कोरा ठेवून कागद तिच्यापुढे सरकवला. जोनेटाने लिहिलं, 'हा माझा आहे.' घाबरून खोडलं. मग लिहिलं, 'हा माझा आहे की नाही, ते कळायचंय.'

लमॉन्टने वाचलं. कान लाल झाले त्याचे. पेन घेऊन त्याने खाली एकच शब्द लिहिला—

'आहे.'