कोऱ्या जागेवरची रेघ

१९७३ च्या मे महिन्यात प्रेमलताबाई नागपुरातल्या आपल्या शाळेत मॅट्रिकच्या उच्च गणिताचे पेपर तपासायला बसल्या. शाळेला सुट्टी होती. प्रयोगशाळेच्या खिडकीला वाळ्याची ताटी, समोरच्या टेबलाशी दुसरे परीक्षक रुपराव. ओल्या वाळ्याचा वास आणि बाहेर घोंघावणारी लू. बाकी सगळी इमारत रिकामी.

बाई तपासायला काटेकोर. आकडा एकदा चुकला तर गुण एकदाच कापायचा, पुढच्या पायऱ्या बरोबर असल्या तर त्यांचे गुण अडवायचे नाहीत. आणि गठ्ठा संपला की प्रत्येक पेपरातल्या कोऱ्या जागेवर लाल पेन्सिलीने रेघ ओढायची, म्हणजे मागाहून कोणी काही लिहू शकत नाही.

उमरेडच्या गठ्ठ्यात एकोणचाळीस पेपर हवे होते, निघाले चाळीस. जास्तीचा पेपर ज्या नंबरचा, तो हजेरीच्या कागदावर गैरहजर होता. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. तिसरं गणित अर्ध्यावर सुटलेलं. बाईंनी पायऱ्यांचे तीन गुण दिले, पेपर कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गणितात त्याच अक्षरात दोन पायऱ्या वाढल्या होत्या. बाईंच्या बोटाला ओली शाई लागली.

रुपरावांचं गाव उमरेड. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"रुपराव, या कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

"मले काय माहीत, बाई? काहून?"

बाईंनी पेपर पुढे सरकवला. रुपरावांनी तो वाचला आणि ते हसले. "हे मी लिहिलं म्हणता? मले इतकं सुबक लिहिता आलं असतं तर माझ्या मास्तरानं एवढं झोडपलं नसतं."

बाई हसल्या नाहीत. "मला वर कळवावं लागेल. तुमची परीक्षकी जाईल, कदाचित नोकरीही."

रुपरावांचा चेहरा उतरला. "एक दिवस थांबा. उद्या सकाळच्या एसटीनं जातो, हा नंबर कोणाचा ते पाहून येतो."

पुरावा पुसायला चालले, बाईंच्या मनात आलं.

तिसऱ्या दिवशी त्या एकट्याच होत्या. पेपर उघडला, तर चौथं गणित सुरू झालेलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजत होते. बाईंनी लाल पेन्सिल उचलली आणि त्या गणिताखाली, मागच्या सगळ्या कोऱ्या पानांवर रेघा ओढल्या. पेन्सिल जड चालत होती. कागदाखाली लाकडी टेबल नसून काहीतरी मऊ, कोमट असावं, तशी...

चौथ्या दिवशी रुपराव आले, पण बसले नाहीत.

"पोरगी हाये, बाई. नीला नाव. पेपरच्या दिवशीच तापानं पडली, अजून शुद्ध नाही. तिची माय सांगे, रोज दुपारी हात चादरीवर फिरते... लिहिल्यासारखा."

"आणि काल?"

"मी तिथंच होतो. पावणेतीनले हात थांबला. श्वास हाये, पण लय हळू..." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तळहातावर लाल रेघ उमटली. मायनं धुतली, तं जात नाही."

बाईंनी खोडरबर घेतलं. रेघ निघेना, कागदच फाटू लागला. त्या थांबल्या. बावीस वर्षांत त्यांनी कोणाच्या पेपरात एक टिंब घातलं नव्हतं. त्या उठल्या, कपाटातून कोरी पुरवणी काढली, तिच्यावर तो नंबर घातला आणि दोऱ्याने पेपराला बांधली. शाई भरलेला पेन उघडून शेजारी ठेवला.

"हे नियमात बसते का, बाई?"

"नाही."

दोघं भिंतीकडे तोंड करून बसले. बऱ्याच वेळाने पाठीमागे निबाची करकर सुरू झाली. आधी अडखळत, मग सरळ.

"वाचली," रुपराव पुटपुटले. "वाचली पोरगी..."

आवाज थांबला तेव्हा बाईंनी वळून पाहिलं. चौथं गणित पुरं झालं होतं. एकही पायरी चुकली नव्हती, उत्तराखाली दोन रेघा होत्या आणि शाई अजून चमकत होती.

पण अक्षर त्या पोरीचं नव्हतं. ते मोठं होतं, आणि डावीकडे झुकलेलं.