शंखाच्या आतून

त्या दिवशी काम साधंच होतं. रंगारी टर्बाइनच्या आतला रंग आटोपून दुपारीच निघून गेले होते. दार नीट बसलंय ना ते बघायचं, आत पाणी सोडायचं आणि संध्याकाळसाठी मशीन तयार ठेवायचं, एवढंच माझ्याकडे होतं.

आमचं वीजघर डोंगराच्या पोटात, बोगद्यातून पाऊण किलोमीटर आत. पूर्वी मशिनं दिवसरात्र चालायची आणि आम्ही एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलायचो. मग खालच्या मैदानात उन्हावरची वीज आली आणि दिवसा आमची गरजच उरली नाही. धरणात पाणी राखून ठेवायचं आणि ऊन उतरलं की शहराचा भार एकदम उचलायचा. सूर्याची पहिली पाळी, आपली दुसरी, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. म्हणजे म्हणायला माणसं होती तोवर. पुढे बरंचसं काम कॉम्प्युटरवर गेलं, एकेक जण बदलून गेला, आणि दिवसभर आत मी एकटा राहिलो.

तुम्हाला सांगतो, गोंगाटात जन्म काढलेल्या माणसाला शांतता सोसत नाही. कुठे थेंब गळला तरी मी मान वळवून बघायचो. घरीही कोणी नव्हतं. सबंध दिवसात तोंडातून एक शब्द निघाला नाही, असेही दिवस गेले.

टर्बाइनभोवती एक जाड लोखंडी पाइप गोल वळत, निमुळता होत जातो. आम्ही त्याला शंख म्हणायचो. धरणाचं पाणी त्यातूनच येतं. त्या दिवशी तो कोरडा होता. मी त्याच्या दाराचे बोल्ट तपासत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला.

ठक... ठक... ठक.

खरं सांगू? आधी भीती नाही वाटली. बरं वाटलं. मी हातातल्या पान्यानं पत्र्यावर तीनदा ठोकलं. आतून लगेच उत्तर आलं, घाईघाईनं, कोणीतरी केव्हाचं वाट बघत असल्यासारखं.

मग मात्र भानावर आलो. आत माणूस राहिला असेल आणि मी पाणी सोडलं असतं तर? मी रंगाऱ्यांच्या मुकादमाला फोन लावला.

"तुमचा कोणी आत राहिलाय का?"

"नाही हो. चौघंही इथे माझ्यासमोर चहा पितायत. का?"

मी फोन ठेवतो तोच, कुठून किती वीज घ्यायची ते ठरवणाऱ्या लोड सेंटरच्या मॅडमचा आला. "ऊन उतरायला लागलंय. अर्ध्या तासात मशीन पाहिजे."

"मॅडम... शंखात कोणीतरी आहे."

"कोण?"

"माहीत नाही. ठोकतोय."

"तुमच्या लाइनवर दोन दवाखाने आहेत. त्यांचे जनरेटर किती वेळ निभावतील सांगता येत नाही."

"उघडून बघतो. तोवर पाणी सोडणार नाही."

"एकटे आत जाऊ नका. दाराशी कोणीतरी उभं पाहिजे."

"कोण आहे इथे उभं राहायला?" मी म्हणालो.

बोल्ट काढून दार ओढलं. ताज्या रंगाचा वास आला, आणि त्याखाली कुठेतरी जुन्या, कुजलेल्या गाळाचा. टॉर्च घेऊन वाकून आत शिरलो.

"कोण आहे रे?"

माझाच आवाज वळणावरून फिरून परत आला. पाइप निमुळता होत गेला तसा मी आधी ओणवा, मग गुडघ्यांवर, शेवटी पोटावर आलो. टोकापर्यंत टॉर्च मारला. रिकामं. रंगावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

आणि मागून आवाज आला. ठक... ठक... ठक. या वेळी बाहेरून. मी उघडं टाकून आलो होतो त्या दारावर.

मी उत्तर दिलं नाही. मग बिजागरी करकरली. उजेड बारीक होऊ लागला. मी कसा मागे सरकलो, कसा वळलो, कोपरं कुठे सोलवटली, काही आठवत नाही. दार मिटायला वीतभर उरलं होतं. खांदा घालून ते ढकललं आणि बाहेर पडलो.

बाहेर कोणी नव्हतं. सगळे दिवे लागलेले. जिन्यावर पाऊल वाजत नव्हतं.

दार बंद केलं, पाणी सोडलं, मशीन सुरू केलं. चाळीस मिनिटं उशीर झाला. दवाखान्यांचं निभावलं, असं मॅडमनी कळवलं. त्यापुढे काही विचारलं नाही. मशिनाचा गोंगाट पुन्हा भरून राहिला तसा थोडा धीर आला. मी बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या वॉचमनला फोन केला.

"आतून कोणी बाहेर आलं का?"

"आले ना, मघाशीच. मला वाटलं, रंगारी मागे राहिला असेल. तुमच्याएवढेच असतील वयानं. मावळतीकडे बघत बराच वेळ उभे होते."

"काही बोलला?"

"हो, म्हणाले..." त्याचा आवाज खाली गेला. "म्हणाले, आत आता एक जण आहे. त्यानं हाक मारली तरी ओ देऊ नका."

"अहो, मी बोलतोय," मी म्हणालो. "मीच आहे."

वॉचमननं फोन ठेवला नव्हता. त्याचा श्वास मला स्पष्ट ऐकू येत होता.

"अहो... ऐकताय ना?"

तो ऐकत होता. पण बोलत नव्हता.