झाकलेलं पेव

दोर वर ओढला तेव्हा नाथाजी मेलेला होता.

सेहेचाळीसचा उन्हाळा. हरिपूरला हळद साठवायला जमिनीखाली खोल पेवं असतात. व्यापारी लालासाहेबांच्या रिकाम्या पेवात त्यांचा हा मुनीम उतरला आणि हाकेला ओ देईना. अंगावर जखम नाही, विषाची खूण नाही. दोर धरणारा हमाल गुंडा आता चौकीत होता आणि त्याची बायको राहीबाई चौकीच्याच ओसरीवर बसून होती.

फौजदार केळकर वैतागले होते. हमालाची हयगय, त्याला आत टाका आणि मोकळे व्हा, असा वरून निरोप होता. वरच्यांचं काय जातं सांगायला!

"कंदील का सोडला नाहीस?" त्यांनी गुंडाला विचारलं.

"आवं सायेब, बंद पेवात कंदील सोडायचा. इझला तर उतरायचं न्हाई. ह्ये आठ दिसामागं उघडून वारं दिल्यालं."

"मग तोंडावर फळी कशाला?"

"कुनी पडू नये म्हून मालकांनी झाकाय लावली. वर वली पोती. चार दिस झालं."

"आणि उतरायला कुणी सांगितलं?"

"मालकांनीच. पाझर हाय का बघ म्हनले."

ओसरीवरून राहीबाई म्हणाली, "नाथाजी मामलेदाराकडं जानार व्हता. औंदा गावाला दाना मिळंल म्हनला."

"बाई, दाण्याचं नंतर," केळकर खेकसले.

त्यांनी स्वतः पेवात कंदील सोडला. तळाला पोचायच्या आतच तो विझला. वारं दिलेल्या पेवात असा जीवघेणा वायू आला कुठून? नाथाजीच्या धोतराला जोंधळ्याचे दाणे चिकटले होते, आणि दाण्यांना मोड आले होते. हळदीच्या पेवात जोंधळा कसा, तेही कळेना.

"माझ्याकडं दाना कुठला?" लालासाहेब म्हणाले. "समदा सरकारच्या लेव्हीला घातला. आमीबी रेशनची बाजरीच खातो."

घरी केळकरांचा सगळा राग आमटीवर निघाला. मोडाच्या मटकीचं गाठोडं त्यांच्या हातात देऊन त्यांच्या पत्नी पद्माबाई ताट वाढायला वळल्या. गाठोडं आतून कोमट लागत होतं. केळकर ते धरून उभेच राहिले. मग त्यांनी मटकी बरणीत घालून झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी आत पेटती काडी धरली, तर ती लगेच विझली.

मग पेवाच्या तोंडाशी सगळ्यांना बोलावलं. गुंडाला आणलं, राहीबाई मागोमाग आली. दोराला बादली बांधून तळ खरवडला. बादलीभर मोड आलेलं धान्य वर आलं.

"पीक हवेतला कर्बवायू घेतं आणि त्यातला कर्ब दाण्यात साठवतं," केळकर म्हणाले. "दाणा भिजला, मोड फुटला, की तो जोरात श्वास घेतो. हवेतला प्राणवायू संपवतो आणि साठवलेला कर्ब पुन्हा वायू करून सोडतो. रानात तो वाऱ्यावर जातो, पुन्हा पिकाला मिळतो. लालासाहेब, तुम्ही भिजवलेला जोंधळा पेवात टाकून त्यावर फळी घातलीत. जड वायू तळाला साठला, आणि मग नाथाजीला खाली पाठवलंत."

"फळी गुंडानं घातली."

"तुमच्या सांगण्यावरून. आणि हा टपोरा पांढरा शाळू जतकडचा आहे. तुमची जमीन जतला. रेशनच्या दिवसांत धान्य भिजवून कुजवायला कुणाला परवडतं? ज्यानं ते लपवलंय त्यालाच. नाथाजी तेच मामलेदारांना सांगणार होता."

लालासाहेब भडकले. "दोन पोती जोंधळ्यानं मानूस मरतो व्हय?"

केळकरांनी बादलीकडे पाहिलं.

"वर आलीय ती एक बादली. दोन पोती तुम्हाला कुणी सांगितली?"

हवालदारानं गुंडाची बेडी काढली आणि लालासाहेबांच्या हातात घातली.

केळकरांना वाटलं, राहीबाई आता हात जोडेल. ती बादलीजवळ बसली होती. ओंजळीत घेतलेले दाणे तिनं हुंगून पाहिले. त्यांना कुबट वास येत होता.

"दोन पोती," ती म्हणाली. "सायेब, येवढ्यात आमच्या लेकरांचं साल निघालं आसतं."

दाण्याचं नंतर, असं केळकर तिला म्हणाले होते.