फितुरीचा साक्षीदार

आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

भिंतीकडे पाहत होतो. पडद्यावर दोन प्राणी श्वास घेत उभे होते, आणि पुढचं बटण दाबायला कुणाचाच अंगठा धजत नव्हता.

स्वयंपाकघरात नळ वाहत होता. तेवढाच आवाज.

हे माझ्यासमोर घडलं आहे. रात्र नव्हती. रविवारची दुपार होती आणि खिडकीतलं ऊन फरशीवर स्वच्छ पसरलेलं होतं. भुताखेतांना साजेशी वेळ नव्हे, हे मलाही कळतं. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं घर. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मला ती मुभा उरलेली नाही.

राक्षसांच्या झुंजीचा तो व्हिडिओ गेम पुष्कळांना माहीत असेल. प्रत्येकाकडे सहा प्राणी, आळीपाळीने वार. आम्ही त्यात आमचा स्वतःचा एक नियम घुसडला होता. त्याचं नाव फितुरी.

झुंजीआधी समोरच्याच्या सहापैकी एक प्राणी निवडायचा आणि त्याचं नाव गुपचूप साक्षीदाराला सांगायचं. त्या प्राण्याचा जीव निम्म्यावर आला, की तो फितूर झाला. दिसायला तुमच्याच बाजूला उभा. पण त्याने काय करायचं ते शत्रू सांगणार आणि तुम्ही मुकाट्याने बटण दाबणार.

गेमला यातलं काहीच ठाऊक नसतं. सगळा मामला शब्दावर चालतो. म्हणून साक्षीदार सच्चा हवा.

आमचा साक्षीदार म्हणजे माझा दादा.

त्याच्या तोंडावर काही लपत नसे. फितूर प्राणी मैदानात उतरला, की याच्या ओठांचे कोपरे हलायचेच. शेवटी आम्ही त्याला आतल्या खोलीत हाकललं. तिथे बसून तो मोबाइलवर आमची झुंज पाही, आणि वेळ आली की मधल्या भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा वाजवी.

टक... टक.

"भिंत पाडा एकदाची," आई स्वयंपाकघरातून म्हणायची. "म्हणजे तुमचा जीव शांत होईल."

माझ्यासमोर खेळायचा तो शिडी. दादाचा कामावरचा जोडीदार. उंचीवरून हे नाव दादानेच ठेवलेलं. दोघं लिफ्ट दुरुस्त करत. एक जण खाली खड्ड्यात उतरणार, दुसरा वर मशीनच्या खोलीत स्विचपाशी थांबणार. खालच्याने बाहेर येऊन हाक दिल्याशिवाय वरच्याने स्विच सुरू करायचा नाही. हाही शब्दावरचाच मामला.

गेल्या वर्षी दादा खाली होता.

शिडी वर होता.

"हाक आली म्हणून मी स्विच सुरू केला," असं शिडीने चौकशीत सांगितलं. त्या इमारतीत ती हाक ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. दादाने बाहेर पडण्याआधीच हाक दिली, चूक त्याचीच, असं ठरलं. सगळ्यांनी मान्य केलं. आम्हीही.

आईने दादाला माफ केलेलं नव्हतं. जेवताना मध्येच घास थांबायचा आणि ती म्हणायची, "एवढी कसली घाई होती त्याला?"

तेव्हापासून शिडी दर रविवारी यायचा. आईची औषधं आणायचा, गळका नळ बघायचा. आई त्याला बाळा म्हणायची. एक मुलगा गेला, दुसरा देवाने ठेवला, असं शेजारणींना सांगायची. माझाही त्याच्यावर तसाच जीव होता.

फितुरी त्याने मात्र त्यानंतर कधी खेळली नाही.

त्या रविवारी मीच हट्ट धरला. खेळणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटाने आमचा नियम उचलला होता, त्यावर स्पर्धा ठेवली होती. मला सराव हवा होता.

"साक्षीदार कुठाय?" तो म्हणाला.

"आपापलं नाव मनात ठेवू. वेळ आली की खरं सांगायचं."

"तुझ्यासारख्या कविता करणाऱ्या बायांवर कोण विश्वास ठेवणार?"

"तू ठेवायचास. हरायची सवय आहे तुला."

तो हसला. खेळायला बसला.

त्याचा सगळ्यात लाडका प्राणी म्हणजे कंदिलासारखा पेटणारा एक पक्षी. मी मनात तोच धरला. कुणाला सांगितलं नाही. ओठसुद्धा हलवले नाहीत.

माझा वार बसला. कंदिलाचा जीव निम्म्याखाली गेला. मी सांगायला तोंड उघडलं...

टक... टक.

भिंतीतून.

मग ती शांतता, जिच्यापासून मी सांगायला सुरुवात केली.

"शेजारचे असतील," शिडी शेवटी म्हणाला.

त्या भिंतीपलीकडे शेजारी नाहीत. आतली खोली आहे.

मी उठून पाहिलं. गादी गुंडाळलेली. खिडकी बंद. दादाची जागा होती तिथे भिंतीवर त्याच्या पाठीने पडलेला तेलकट डाग, आणि त्या डागासमोर... कुणीच नाही.

परत आले तेव्हा शिडीचा रंग उडालेला होता. काही माणसं घाबरली की बोलत सुटतात.

"मला रोज आठवतो गं तो," तो म्हणाला.

भिंत गप्प.

"माझ्यासाठी भावासारखा होता."

भिंत गप्प होती.

"पण मी तरी काय करणार होतो? त्यानेच हाक दिली..."

टक... टक.

शिडीने हातातलं खेळाचं यंत्र खाली ठेवलं.

"मी नीट ऐकली होती," तो भिंतीला म्हणाला. मला नाही. भिंतीला. "स्पष्ट हाक होती..."

टक... टक.

या वेळी जोरात. चुन्याची बारीक पूड फरशीवरच्या उन्हात उतरली.

माझ्या आत काहीतरी गार होत गेलं. ती भीती नव्हती. भीती नंतर आली, आणि ती अजून गेलेली नाही. आजही मी त्या भिंतीला पाठ टेकत नाही. त्या क्षणी मला फक्त ते सगळे रविवार दिसत होते. औषधाच्या पुड्या. दुरुस्त केलेला नळ. आमच्या ताटाशेजारी मांडलेलं त्याचं ताट. वर्षभर आम्ही आमच्या माणसाला दोष देत होतो, आणि हा शेजारी बसून वरण वाढून घेत होता.

नळ बंद झाला.

आई दारात उभी होती. हातांवरून पाणी ठिबकत होतं. कितीतरी वर्षं भांडी घासताना तिने तो आवाज ऐकला होता. तो कशासाठी वाजतो, हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

तिने भिंतीकडे पाहिलं नाही. शिडीकडे पाहिलं.

"बाळा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्याने हाक दिली होती का रे?"

शिडी उठला. चपला पायांत नीट शिरेनात, तशाच फरफटत दारापर्यंत गेला.

"एवढंच सांग मला. तू माझ्या घरी जेवलायस."

तो दाराच्या चौकटीत क्षणभर थांबला. मला वाटलं, बोलेल.

मग मान खाली घालून लिफ्टसमोरून पुढे गेला आणि जिना उतरू लागला.