पडद्यामागचा सॅक्सोफोन

झोलिले मकाबानं झाडूवाल्याचा निळा डगला चढवला, झाडू हाताशी ठेवला आणि सॅक्सोफोनचा पट्टा गळ्यात अडकवला. पोलीस आलेच, तर वाद्य कचऱ्याच्या पिंपात आणि झाडू हातात. केपटाउनच्या त्या सभागृहात काळ्या माणसाला झाडायला येता येई, वाजवायला नाही.

पडद्यापुढे क्लिफर्ड उभा राही. दोघांनी बारा वर्षं लांगा वस्तीतल्या लग्नांत एकत्र वाजवलं होतं. क्लिफर्ड मिश्र वंशाचा, रंगानं उजळ. गेल्या वर्षी सरकारी कचेरीत वंश ठरवायला त्याच्या केसांत पेन्सिल खोचून पाहिली. ती घसरून पडली आणि क्लिफर्ड कागदोपत्री गोरा झाला. आता तो गोऱ्यांसमोर नुसती बोटं हलवी. चुकून सूर निघू नये म्हणून त्याच्या वाद्यात लोकरी मोजा कोंबलेला असे. वाजवायचा पडद्यामागून झोलिले.

"शेवटच्या कार्यक्रमाला पडदा सारून तुझं नाव घेईन," क्लिफर्ड म्हणाला होता. "आईशपथ."

"कुठल्या आईची? जुन्या की नव्या?" झोलिलेनं विचारलं होतं. दोघं हसले होते.

आज शनिवारची दुपार, शेवटचा कार्यक्रम. शेवटच्या गाण्याआधी क्लिफर्ड माइकपाशी गेला. झोलिलेनं डगला काढून सदरा नीट केला.

"ही धून मी माझ्या आईसाठी बांधली," क्लिफर्ड म्हणाला.

धून झोलिलेची होती. आई गेली त्या आठवड्यात बांधलेली.

त्यानं काढलेल्या डगल्याकडे पाहिलं. मग त्यानं वाद्य गळ्यातून काढून खाली ठेवलं. होऊ दे क्लिफर्डची फजिती.

पडद्यापलीकडे धून सुरू झाली.

त्यानं वाकून आपल्या सॅक्सोफोनवर तळहात ठेवला. धातू गार होता. धून पुढे सरकत होती. दम घेण्याच्या जागासुद्धा त्याच्याच. मग तो भाग आला, जो त्यानं अजून कुणालाच ऐकवला नव्हता.

त्यानं पडद्याच्या फटीतून पाहिलं. क्लिफर्डच्या वाद्यातला मोजा जागच्या जागी होता. त्याची बोटं हलत नव्हती. तो मान वळवून पडद्याकडे बघत होता, आणि त्याच्या गालांवरून घाम ओघळत होता.

घरी येऊन झोलिलेनं फुंकून पाहिलं. नुसती हवा निघाली. तोंडाकडची वेताची पट्टी बदलली, दुसऱ्याचं वाद्य आणलं. हवाच.

तीन आठवड्यांनी, रविवारी भर दुपारी, क्लिफर्ड लांगात आला. गालफडं बसली होती.

"तुझे सूर परत घे," तो दारातूनच म्हणाला. "वाद्य पेटीत बंद केलं तरी वाजतं. बायको माहेरी गेली."

"काय वाजतं?"

"रोज नवीन. तू जे बांधलंच नाहीस, ते."

झोलिले खुर्चीतून उठला नाही. "माझं नाव घेतलं असतंस तर काय गेलं असतं?"

"गोरेपण गेलं असतं रे."

"मग ठेव आता."

झोलिलेचा आवाज बसल्यासारखा निघाला. क्लिफर्ड त्याच्या गळ्याकडे बघू लागला.

आत झोलिलेच्या बायकोनं, नोसिफोनं ताटं मांडली. "लिंडिवेचे बाबा," तिनं नेहमीसारखी हाक मारली, "जेवायला या."

झोलिलेनं तोंड उघडलं. ओठ नुसतेच हलले.

"आलो गं," उत्तर दारातून आलं. झोलिलेच्या खोसा भाषेत, त्याच्याच आवाजात.

क्लिफर्डनं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं. बारा वर्षं लांगात वाजवूनही त्याला खोसाचा एक शब्द येत नव्हता.