शेजारची जागा

मुलांनो, जरा माझ्याबरोबर या. डोळे मिटू नका, उघडेच ठेवा, कारण गोष्ट दिवसाउजेडीची आहे. कल्पना करा, तुम्ही शाळेच्या जुन्या बसमध्ये बसला आहात. सीटचं रेक्झिन फाटलंय आणि आतला फोम जाडजूड आहे. कोणी बसलं की तो फुस्स करून दबतो, उठलं की सावकाश वर येतो. मुलं त्यावरून एकमेकांची टर उडवतात.

"बाई, ह्याची सीट बघा! ह्याला दोन माणसांचा डबा द्या!"

हा फुस्स आवाज तेवढा लक्षात ठेवा.

आम्ही रिट्रीटला निघालो होतो. वर्षातून एकदा पुस्तकं बाजूला ठेवून गावाबाहेरच्या एका शांत घरात जायचं, प्रार्थना करायची आणि आपल्याच मनात थोडं डोकावायचं, असा तो दिवस. मी शाळेत विज्ञान शिकवत असे आणि रविवारी धर्मशिक्षण. दोन्ही वर्गांत माझं एकच पालुपद असायचं: जे पाहिलं ते नीट सांगा, जे नाही ते आहे म्हणू नका.

माझ्या शेजारी खिडकीपाशी एक मुलगी बसली होती. तिला सगळे 'का-बाई' म्हणत, कारण आकाश निळं का इथपासून प्रार्थनेत आमेन शेवटीच का इथपर्यंत तिचं चालू असे. त्या दिवशी मात्र ती गप्प होती. तिचा धाकटा भाऊ छोटू हॉस्पिटलमध्ये होता, त्याचा ताप उतरत नव्हता. आई तिथेच राहत होती. परतताना बस हिला तिथे सोडणार होती.

बस गावाबाहेर पडल्यावर तिनं विचारलं, "बाई, रागात मागितलेलं देव ऐकतो का?"

"काय मागितलंस?"

"छोटूनं माझी रंगपेटी पाण्यात बुडवली. मी म्हटलं, कोणीतरी या आणि ह्याला घेऊन जा. मग त्याला ताप आला."

"ताप जंतूंनी येतो बाळा, बोलण्यानं नाही."

"पण कोणी ऐकलं असेल तर?"

"आज फादर येणार आहेत. पापनिवेदनात त्यांना सांग, मन हलकं होईल."

पापनिवेदन म्हणजे आपली चूक फादरांना एकट्यात सांगायची. ते क्षमा देतात आणि छोटंसं प्रायश्चित्त सांगतात, एखादी प्रार्थना किंवा कुणाची मदत. तिथे बोललेलं तिथेच राहतं. आत काय झालं, असं कोणी कोणाला विचारत नाही.

त्या घराच्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, मेणाचा आणि ओल्या चुन्याचा वास होता. मागच्या भिंतीला पापनिवेदनाची जुनी लाकडी पेटी होती. एका बाजूला फादरांनी बसायचं, दुसऱ्या बाजूला आपण गुडघे टेकायचे. मध्ये जाळी आणि जाळीवर फादरांच्या बाजूनं सरकवायची झडप.

"बाई, हे कपाट कशाला?" कोणीतरी विचारलं.

"तुझी पापं ठेवायला," वर्गातला भोंगा म्हणाला. "पण तुला एक कपाट पुरायचं नाही!"

जेवणानंतर मौन सुरू झालं. घंटा होईपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही, हा रिट्रीटचा नियम. मुलं बागेत पांगली. मी चॅपलमध्ये मागच्या बाकावर बसले. थोड्या वेळानं का-बाई आली आणि इकडेतिकडे पाहू लागली.

पेटीत कोणीतरी खोकलं.

मला वाटलं, फादर मागच्या दारानं आले असावेत. तिलाही तेच वाटलं असणार, आणि मौन असल्यामुळे ती मला विचारू शकत नव्हती. ती आत गेली. झडप सरकल्याचा आवाज मी ऐकला. मग तिची कुजबुज आणि त्यानंतर एक खोल, संथ आवाज. शब्द कळत नव्हते. बोलणारा अगदी निवांत होता.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर न सुटलेलं गणित होतं.

तेवढ्यात अंगणात स्कूटर थांबली. हातात हेल्मेट घेऊन फादर समोरच्या दारातून आले.

"माफ करा बाई, टायर पंक्चर झाला," ते हळूच म्हणाले आणि एक खुर्ची खिडकीपाशी ओढू लागले. "मी इथेच बसतो. मुलांना समोरासमोर बरं वाटतं."

मीही मौन मोडलं. "मग पेटीत कोण आहे?"

फादरांनी रखवालदाराला बोलावलं.

"त्यात? त्याची तर अडगळीची खोली झालीय," रखवालदार म्हणाला आणि त्यानं फादरांच्या बाजूचं दार किल्लीनं उघडलं.

आत घडीच्या खुर्च्या होत्या, खालपासून छतापर्यंत दाटून भरलेल्या. मांजरसुद्धा बसलं नसतं. खुर्च्यांवरची धूळ जशीच्या तशी होती.

जाळीवरची झडप उघडी होती.

"मुलांचे खेळ असतील," फादर म्हणाले. मीही मान हलवली. दुसरं काय करणार?

परतताना का-बाई खिडकीशी बसली. मी शेजारी बसणार, तोच तिनं सीटवर तळहात ठेवला.

"बाई, इथे नको."

"का गं?" आज हा प्रश्न मी विचारत होते.

"माझं प्रायश्चित्त आहे. हॉस्पिटलपर्यंत शेजारची जागा द्यायची."

"कोणाला?"

"आत होते त्यांना. म्हणाले, तू बोलावलंस म्हणून निघालो. पण रस्ता माहीत नाही, तू दाखव." मग तिनं आशेनं विचारलं, "छोटूला बरं करायला येतायत ना, बाई?"

तिनं कोणाला आणि कशासाठी बोलावलं होतं, ते मला आठवलं.

"तू का-बाई ना?" मी म्हटलं. "मग आत नेण्याआधी विचार त्यांना. का येताय, ते विचार."

मी पलीकडच्या सीटवर बसले. बस खड्ड्यांतून जात होती आणि रिकाम्या सीटचे फोम थरथरत होते. तिच्या शेजारचा फोम थरथरत नव्हता.

तो दबलेला होता.

हॉस्पिटलपाशी बस थांबली. "चला, हॉस्पिटलवाली कोण?" ड्रायव्हरनं हाक दिली. का-बाईनं गुडघे बाजूला घेतले, मोठ्या माणसाला वाट द्यावी तसे. फोम सावकाश वर आला. मग ती उतरली.

मी बसच्या पायरीवर उभी राहिले. हॉस्पिटलच्या काचेच्या दारामागे तिची आई थर्मास घेऊन उभी होती आणि हात हलवत होती.

का-बाईनं दाराच्या मुठीला हात लावला.

थांबली.

मागे वळून तिनं वर पाहिलं, माणसाचं तोंड असतं त्याहून बरंच वर. काहीतरी विचारलं. मान तिरकी करून ऐकलं.

तिचा चेहरा पांढराफटक पडला.

आई आतून दार ओढू लागली. का-बाईनं तिच्याकडे पाहिलं, रस्त्यावरच्या अनोळखी बाईकडे पाहावं तसं. मूठ सोडली आणि परत फिरली. तिचा उजवा हात खांद्याच्या वर उचललेला होता, बोटं कशाभोवती तरी मिटलेली. ती तिच्या चालीनं चालत नव्हती.

"बाई," ती पायरीशी येऊन मोठ्यानं म्हणाली, "हे ते हॉस्पिटल नव्हेच. आपलं अजून खूप लांब आहे, हो ना?"

तिचे ओठ कापत होते, पण नजर माझ्यावर रोखलेली होती. आयुष्यभर मुलांना जे शिकवलं, ते मी गिळलं.

"हो," मी म्हटलं. "अजून खूप लांब आहे."

ती माझ्या बाजूनं वर चढली आणि खिडकीशी सरकून बसली. शेजारची सीट तिनं हातानं नीट झटकली.

"बसा," ती म्हणाली.

फुस्स झालं.