लालापकिताचं नाव

पहिल्याच भेटीत रेंगानिसने पांजीला रांगेचे नियम शिकवले.

बांडुंगला दुपारी तीनच्या सुमारास पाऊस येतो, आणि आला की मिळेल त्या दुकानात माणसं घुसतात. दागो रस्त्यावरचं ते झेरॉक्सचं दुकान टीचभर. रेंगानिस ओळखपत्र स्कॅन करायला उभी होती आणि एक उंच, भिजलेला तरुण थेट तिच्या पुढ्यात येऊन थांबला.

"कांग, रांग मागून सुरू होते," ती म्हणाली. बांडुंगमध्ये तरुणाला कांग म्हणजे दादा म्हणतात, आणि बाईला तेह म्हणजे ताई.

"तेह, मी पावसाच्या रांगेत आहे," तो केस पुसत म्हणाला. "स्कॅनच्या रांगेत तुम्हीच पहिल्या."

तिला हसू आलं... आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

दोघांचंही काम एकच निघालं. नवं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घ्यायचं तर ओळखपत्राची प्रत द्यावी लागते, आणि दोघांच्याही प्रती अंधुक म्हणून परत आल्या होत्या.

"माझा धंदाच तो आहे," पांजी म्हणाला. "लोक नावं घेतात, मुदत वाढवायला विसरतात. सुटलेलं नाव मी उचलतो आणि हवं त्याला विकतो."

"म्हणजे भंगारवाले."

"सुशिक्षित भंगारवाला. आणि तुम्ही?"

"मी न विसरण्याचा पगार घेते," ती म्हणाली.

ते खरंच होतं. लेम्बांगच्या डोंगरातली भाजी शहरातल्या खानावळींना पोचवणाऱ्या चार माणसांच्या कंपनीत ती होती. कंपनीची अकरा डोमेन तिच्या ताब्यात. कुठलं कधी संपतं, कुणाच्या नावावर आहे, सगळं तिने बघायचं. मालकीणबाई इमास तेहना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मग दुपारचा पाऊस सोयीचा झाला. दुकानासमोर आल्याचा गरम बांद्रेक विकणारी एक गाडी होती. तिथे ताडपत्रीखाली दोघं भेटू लागली. आठवड्यात एकदा, मग तीनदा, मग पाऊस नसतानाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. ग्लास घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागत — आणि तो हवामानावर बोलू लागे.

एक गोष्ट मात्र ती दोघं बोलत नसत. आपला डोळा कुठल्या नावावर आहे, हे पांजीच्या धंद्यात सख्ख्या आईलाही सांगत नाहीत. आणि कंपनीची नावं बाहेर बोलायची नाहीत, असं रेंगानिसनेच आपल्या कंपनीत ठरवून दिलं होतं. दोघंही आपापला नियम पाळून खूश होती.

एका मंगळवारी सकाळी लालापकिताची, म्हणजे तिच्या कंपनीची, वेबसाइट उघडेना.

रेंगानिसने कारण शोधलं. डोमेनची मुदत संपली होती. मुदतीच्या सूचना आल्याच नव्हत्या, कारण त्या जात होत्या जुन्या ईमेल पत्त्यावर. कंपनीचं आधीचं नाव सायुरमांग. नवं नाव घेतल्यावर जुन्याचं डोमेन कशाला पोसायचं, म्हणून तिनेच ते वर्षापूर्वी सोडून दिलं होतं. पण डोमेन विक्रेत्याकडच्या खात्यात पत्ता जुन्या नावाचाच राहिला! आता पैसे भरायचे तर खात्यात शिरायला हवं, शिरायला सहा आकडी कोड हवा, आणि कोड जाणार त्याच पत्त्यावर. विक्रेता म्हणाला, कागदपत्रं द्या, दहा दिवस लागतील. इकडे तीनशे खानावळी उद्याच्या भाजीसाठी खोळंबल्या होत्या.

"उद्या सकाळपर्यंत सुरू झालं नाही तर तू घरी," इमास तेह म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, हेच वाईट होतं.

दुपारी ताडपत्रीखाली तिने पांजीला सगळं सांगितलं. नावांसकट. नियम गेला खड्ड्यात.

पांजीने ग्लास खाली ठेवला.

"सायुरमांग," तो हळूच म्हणाला, "माझ्याकडे आहे."

"काय?"

"मागच्या वर्षी सुटलं तेव्हा घेतलं. कुणी अजून वापरतंय का ते बघायला, त्यावर येणारी सगळी मेल मी माझ्याकडे वळवून ठेवतो. सगळेच ठेवतात."

तिचा चेहरा उजळला. "मग तर कोड तुझ्याकडेच येईल! कांग, वाचवलंस!"

इथे गप्प बसला असता तर तो हिरो ठरला असता. त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

"गानिस... सूचनाही माझ्याकडेच आल्या. पाच. लालापकिताची मुदत संपतेय, म्हणून. मालक झोपलाय हे मला दोन महिने माहीत होतं. मी कळवलं नाही. नाव सुटायची वाट बघत होतो."

पाऊस पडत होता.

"त्या नावामागे तू आहेस हे माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"कुणीतरी होतंच ना?"

तिने तिथेच लॅपटॉप उघडला, कोड मागवला. त्याचा फोन वाजला. त्याने सहा आकडे वाचून दाखवले. तिने ते भरले, पत्ता बदलला, मुदत वाढवली आणि लॅपटॉप मिटला.

"संध्याकाळपर्यंत वेबसाइट उघडेल," ती म्हणाली. "आभार." आणि भिजत निघून गेली.

वेबसाइट उघडली, नोकरी राहिली. इमास तेहनी एक तास बौद्धिक घेतलं, ते तिने निमूट ऐकलं. जिवाला लागलं होतं ते वेगळंच. आठ दिवस ती गाडीकडे फिरकली नाही. तिला त्याचा संताप येत होता आणि त्याची आठवणही येत होती, आणि दोन्ही एकाच वेळी येणं फार त्रासाचं होतं.

नवव्या दिवशी सायुरमांगचं डोमेन कंपनीच्या नावावर परत आलं. सोबत पांजीची एक ओळ — 'आलेली सगळी मेल आत आहे. सूचनांखेरीज एकही उघडलेली नाही.'

त्या दुपारी ती गेली. तो तिथेच होता, कानाला फोन.

"अहो, फसवत नाही... तुमचं डोमेन शुक्रवारी संपतंय, एवढंच सांगतोय... हो, काय धंदा करतो ते आईलाही सांगतो." त्याने फोन ठेवला आणि तिला पाहून गडबडला. "सकाळपासून सातवा. चोर समजून शिव्या घालतात."

"धंदा बुडेल तुझा."

"बुडतोय. सोडून दिलेली नावं आहेत अजून. झोपलेल्यांची नकोत."

ती बाकावर बसली, थोडी जागा सोडून.

"खूप राग आला होता," ती म्हणाली. "अजून आहे थोडा. पण तू गप्प बसला असतास तर मला कधीच कळलं नसतं. तरी का सांगितलंस?"

"तू आनंदाने माझ्याकडे बघितलंस म्हणून." तो ग्लासात बघत होता. "ते खोटं मला पेललं नसतं. तू मला आवडतेस, गानिस. फार."

पिशवीतून लॅपटॉप काढून तिने त्याच्यापुढे सरकवला. तिने स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं होतं. मालक विसरला तर कुणाला कळवायचं, त्या रकान्यात पांजीचा नंबर होता.

त्याने मुदत वाचली. पुन्हा वाचली.

"दहा वर्षं?"

"एका वेळी त्याहून जास्त देत नाहीत," ती म्हणाली आणि जवळ सरकली.